इंग्रजी शब्दाला 'ओ' जोडला की स्पॅनिश विशेषण होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर 'इंग्रजी येणाऱ्यांसाठी स्पॅनिश विशेषणे, फक्त दहा मिनिटांत' असा एक संदेश आला. त्यात चार नियम होते: इंग्रजी विशेषणाच्या शेवटी 'ओ' आणि स्त्रीबद्दल बोलताना 'आ' लावला की स्पॅनिश विशेषण तयार होते, विशेषण नेहमी नामानंतर येते, 'आ'ने संपणारे नाम स्त्रीलिंगी व 'ओ'ने संपणारे पुल्लिंगी असते, आणि 'असणे' या अर्थाच्या दोन क्रियापदांपैकी कायमच्या गुणासाठी 'सेर', तात्पुरत्या अवस्थेसाठी 'एस्तार' वापरावे. स्पॅनिश शिकवत असल्यामुळे असे संदेश माझ्याकडे नेहमीच येतात आणि मी ते सोडून देते. हा सोडला नाही, कारण न्यू जर्सीत वाढलेल्या, इंग्रजीतच विचार करणाऱ्या आणि यंदाच शाळेत स्पॅनिश घेतलेल्या माझ्या भाचीने तो प्रमाण मानून गृहपाठ लिहिला.

वर्गासमोर बोलताना आपल्याला संकोच वाटतो, एवढेच तिला सांगायचे होते. 'एम्बॅरस्ड' या इंग्रजी शब्दापासून निघून पहिल्या नियमाच्या वाटेने ती 'एस्तोय एम्बारासादा' या वाक्यापाशी पोहोचली. त्याचा अर्थ 'मी गरोदर आहे' असा होतो. तिने ते मला आधी दाखवले म्हणून बरे झाले. नाहीतर ज्या मुलीला मुळात चारचौघांत बोलण्याचीच भीती आहे, तिने वर्गासमोर हे वाक्य वाचले असते आणि त्यानंतर ती स्पॅनिशमध्ये तोंड उघडायला धजली नसती. संकोचासाठी स्पॅनिश लोक बहुधा विशेषण वापरतच नाहीत. ते 'मे दा बेर्ग्वेन्सा' म्हणतात, म्हणजे आपल्या 'मला लाज वाटते' या रचनेच्या अगदी जवळचे.

हा एकच शब्द फसवा असता तर मी एवढे लिहिले नसते. माद्रिदमध्ये १७१३ साली स्थापन झालेल्या रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो एकदा जरी उघडला असता तरी हा नियम लिहिण्याचे धाडस केले नसते. 'सेन्सिब्ले' म्हणजे समंजस नव्हे, तर संवेदनशील, हळवा. 'लार्गो' म्हणजे मोठा नव्हे, लांब. 'आक्तुआल' म्हणजे खराखुरा नव्हे, सध्याचा. 'एक्साइटेड'वरून 'एक्सितादा' केले तर ऐकणारा अनेकदा लैंगिक उत्तेजनेचा अर्थ घेतो. उत्सुकता किंवा आनंद सांगायचा असेल, तर 'एमोसिओनादा' म्हणावे लागते.

दोन्ही भाषांत लॅटिनमधून आलेले शब्द पुष्कळ आहेत, त्यामुळे 'पर्फेक्ट'चे 'पेर्फेक्तो' आणि 'फेमस'चे 'फामोसो' होते, एवढे मला मान्य करावे लागेल. परंतु 'नातुराल', 'पोसिब्ले', 'तेर्रिब्ले' यांना 'ओ' लागत नाही आणि स्त्रीलिंगात 'आ'ही लागत नाही. 'बेर्दे' (हिरवा), 'आसूल' (निळा), 'फेलिस' (आनंदी) हीसुद्धा लिंगानुसार बदलत नाहीत. मराठी वाचकाला हे समजणे सोपे आहे, कारण आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणतो, पण 'सुंदर' आणि 'लाल' तसेच ठेवतो. फरक एवढाच, की स्पॅनिशमध्ये या विशेषणांनाही अनेकवचन लावावेच लागते: 'कासा बेर्दे' म्हणजे हिरवे घर, पण हिरवी घरे 'कासास बेर्देस', आणि 'फेलिस'चे 'फेलिसेस'. इंग्रजीत विशेषण लिंगानुसारही बदलत नाही आणि वचनानुसारही नाही, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे अडखळणे इथेच होते, आणि अनेकवचनाबद्दल तर संदेशात एक अक्षर नाही.

विशेषण नामानंतर येते हे बहुतेक वेळा खरे आहे, 'नेहमी' मात्र मुळीच खरे नाही. 'उन ओम्ब्रे पोब्रे' म्हणजे पैशाने गरीब माणूस आणि 'उन पोब्रे ओम्ब्रे' म्हणजे बिचारा माणूस. 'उन ओम्ब्रे ग्रान्दे' शरीराने मोठा असतो, तर 'उन ग्रान ओम्ब्रे' थोर असतो, आणि नामाआधी येताना 'ग्रान्दे'चे 'ग्रान' होते हेही शिकावे लागते. 'मूचो' (पुष्कळ) आणि संख्यादर्शक शब्द तर सहसा आधीच येतात.

स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'एल' आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'ला' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखे) लागते. तिसऱ्या नियमाला उत्तर म्हणून 'एल प्रोब्लेमा' (समस्या), 'एल दिया' (दिवस), 'एल मापा' (नकाशा) हे पुल्लिंगी आणि 'ला मानो' (हात) हा स्त्रीलिंगी शब्द पुरे आहेत. 'एल आग्वा फ्रिआ' (थंड पाणी) येथे 'एल' पाहून नाम पुल्लिंगी समजू नये. शब्दाच्या सुरुवातीला आघातयुक्त (जोर देऊन उच्चारलेला) 'आ' असल्यामुळे 'ला'ऐवजी 'एल' येते. नाम स्त्रीलिंगीच राहते, म्हणून विशेषणही 'फ्रिआ'.

चौथा नियम पाठ्यपुस्तकांतूनही सांगितला जातो, त्यामुळे त्याचा दोष एकट्या या संदेशाला देता येत नाही. तरीही मेलेल्या माणसाबद्दल 'एस्ता म्वेर्तो' असे 'एस्तार'च वापरतात, आणि मृत्यूला तात्पुरता कोण म्हणेल? कायम आणि तात्पुरते या जोडीपेक्षा, 'सेर'ने स्वभाव किंवा ओळख सांगितली जाते आणि 'एस्तार'ने अवस्था, असे मी भाचीला सांगितले. 'सेर'चे रूप 'एस' आणि 'एस्तार'चे 'एस्ता'. 'एस आबुर्रीदा' म्हणजे ती कंटाळवाणी आहे. 'एस्ता आबुर्रीदा' म्हणजे ती कंटाळली आहे. 'एस लिस्ता' म्हणजे हुशार. 'एस्ता लिस्ता' म्हणजे तयार.

ज्या नातेवाइकांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी निदान पहिला नियम चुकीचा असल्याचे त्याच गटांवर लिहून कळवावे, अशी माझी विनंती आहे, कारण त्यांतल्या कोणाच्या तरी घरी या महिन्यात आणखी एखादे मूल स्पॅनिशचा पहिला गृहपाठ लिहीत असेल.