कर घ्यायला पुढे, परवाना द्यायला मागे

लॉस एंजेलिस शहराने वैद्यकीय गांजाच्या दुकानांचं जे भिजत घोंगडं ठेवलंय, ते बघून माझं डोकं फिरतं. माझ्या वहिनीची केमो चालू आहे. मळमळीच्या नेहमीच्या गोळ्यांनी भागत नव्हतं, पोटात काही टिकत नव्हतं, म्हणून डॉक्टरांच्या शिफारशीने ती गांजाची गमी, म्हणजे चघळायची मऊ गोळी, घेते. रोज एक, पाच मिलिग्रॅमची. गांजा म्हटलं की आपल्या लोकांचे चेहरे बदलतात. बदलू देत. तिला आता चार घास वरणभात जातो, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

राग आहे तो शहराच्या कारभाराचा. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९९६ साली मतदान करून रुग्णांसाठी गांजा कायदेशीर केला. पुढचं काम साधं होतं: कोणी, कुठे, कोणत्या अटींवर विकायचा ते ठरवा आणि परवाने द्या. शहराने काय केलं? २००७ मध्ये नव्या दुकानांवर बंदी आणली, आणि त्याच नियमात अडचण दाखवून सूट मागायची पळवाटही ठेवली. शेकडो लोकांनी अशी सूट मागणारे अर्ज टाकले आणि उत्तराची वाट न बघता दुकानं थाटली. अर्ज पडून राहिले. २०१० मध्ये मर्यादा ठरवली ७० दुकानांची, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१२ च्या जुलैत सरसकट बंदी, आणि विरोधात सह्या गोळा झाल्यावर ऑक्टोबरात तीही मागे! २०१३ मध्ये शहराच्या मतदारांनी प्रपोझिशन डी नावाचा प्रस्ताव मंजूर केला, त्यात काय, तर सुमारे १३५ जुन्या दुकानांवर कारवाई करणार नाही, एवढंच. म्हणजे तोवर परवाना असा कोणाकडेच नाही.

पण कर? कर वेळेवर सुरू झाला. २०११ पासून विक्रीच्या शंभर डॉलरमागे पाच, २०१३ नंतर २०१७ अखेरपर्यंत सहा. केंद्राच्या कायद्याने गांजा गुन्हाच, म्हणून बहुतेक बँका या दुकानांना दारात उभं करत नव्हत्या. मग दुकानदारांनी रोकड घेऊन कर भरायला जायचं आणि शहराने ती मोजून घ्यायची. त्या बदल्यात मिळायचं करनोंदणीचं प्रमाणपत्र. कित्येकांनी तेच फ्रेम करून काउंटरमागे टांगलं आणि येणाऱ्या आजारी माणसाला वाटलं, हाच परवाना. पैसे घेताना तुम्हाला दुकान दिसतं, मग जबाबदारी घेताना का दिसत नाही?

२०१८ पासून खरे परवाने आले, तेव्हा वाटलं की सुटलो. शहराने जाहीर केलं की ड्रग्जविरोधी धरपकडीत जे लोक आणि ज्या वस्त्या भरडल्या गेल्या, त्यांना आधी संधी. हेतू शंभर टक्के योग्य होता, मी त्याच्या बाजूनेच आहे. म्हणूनच पुढे जे झालं त्याची जास्त चीड येते. अर्ज करायचा तर आधी जागा हातात हवी. तीही शाळा, बागेपासून ७०० फूट दूर, दुसऱ्या गांजाच्या दुकानापासूनही तेवढीच दूर. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, मग घरमालक भाडं चढवणारच. सप्टेंबर २०१९ मध्ये ऑनलाइन खिडकी उघडली, परवाने १०० आणि नियम काय, तर जो आधी घुसेल तो! आयुष्याची पुंजी कोणाचा हात जास्त जलद चालतो यावर लावायला सांगितली. वर काही जणांना वेळेआधीच सिस्टीममध्ये शिरता आलं, हे शहराने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीत बाहेर आलं. तोवर बाकीचे अर्जदार महिनोन्महिने बंद शटरचं भाडं भरत होते. काहींनी कर्ज काढलं, काहींनी गुंतवणूकदारांच्या अटी निमूट मान्य केल्या. ज्यांचं भलं करायचं म्हणून योजना काढली, तेच रस्त्यावर आले.

आणि या सगळ्या काळात बिनपरवाना दुकानं जोरात! आमच्या घराजवळ एक आहे, गांजाच्या दुकानाची खूण असलेला हिरवा क्रॉस रात्रभर पेटलेला. गेल्या महिन्यात वहिनीची नेहमीची गमी संपली, परवानाधारक दुकान लांब, म्हणून मी तिथे डोकावलो. तीन वेगळ्या चवींची पाकिटं हातात घेतली, तिन्हींवर बॅच नंबर एकच. लॅब तपासणीची तारीख कुठेच नाही. एका पाकिटाचं लेबल नखाने सहज सुटलं आणि खाली दुसरंच लेबल. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सेम थिंग, मॅन." पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या बाईच्या पोटात हे घालायचं? पाच मिलिग्रॅम लिहिलंय तिथे पन्नास निघाले तर? २०१९ मध्ये काळ्या बाजारातल्या व्हेपमध्ये (ई-सिगारेटसारखं वाफ ओढायचं साधन) मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाने देशभर माणसं हॉस्पिटलात गेली, काही दगावली. एवढं होऊनही धडा घ्यायचा नाही?

त्याच वर्षी शहराने अशा दुकानांची वीज-पाणी तोडायचा अधिकार स्वतःकडे घेतला. मग वापरा ना तो! एक दुकान बंद होतं आणि थोड्याच दिवसांत तोच माल शेजारच्या गाळ्यात दिसतो. घरमालकाला भाडं मिळतंय तोवर त्याला काय फरक पडतो? दंड त्याच्या खिशाला लावा, तोही असा की पुन्हा गाळा देताना हात थरथरले पाहिजेत.

जाता जाता आपल्या ग्रीन कार्डवाल्यांना कळकळीने सांगतो: दुकान कायदेशीर असलं तरी तिथे नोकरी, भागीदारी यांच्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका. राज्याचा कायदा काहीही म्हणो, नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं, हे केंद्राने २०१९ मध्येच लेखी स्पष्ट केलंय. वहिनी नागरिक आहे म्हणून निदान ती धास्ती आम्हाला नाही.

शहराकडून मला सवलत नको, सहानुभूती नको. जो नियम पाळून, माल तपासून घेऊन, कर भरून दुकान चालवायला तयार आहे, त्याच्या अर्जाला ठरावीक मुदतीत हो किंवा नाही असं उत्तर द्या. आणि खोटी लेबलं चिकटवणाऱ्याचा हिरवा क्रॉस आज विझवा, पुढच्या बैठकीत नाही.