बोंडअळीचा दोष कोणाच्या सातबाऱ्यावर?

नागपूरच्या कॉटन मार्केट चौकात आता कापसापेक्षा भाजीच जास्त विकली जाते, पण संध्याकाळच्या चहाला तिथे बसणाऱ्यांची गाडी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, आल्याशिवाय राहत नाही. परवाचा वाद एका वाक्यावरून पेटला. बियाणे कंपनीत बरीच वर्षे फिल्डवर काम केलेला दादा म्हणाला, "बीटी चांगलंच होतं. वापरणाऱ्यांनी त्याची वाट लावली." बीटी म्हणजे जीवाणूचे जनुक घातलेली, बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी.

हिंगण्याकडचा शेतकरी भाऊ लगेच उसळला. "काहून? आमीच काहून?"

दादाकडे उत्तर तयार होते. २००२ साली मंजुरी मिळाली तेव्हाच अट होती की बीटीच्या शेताभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यातले जे जास्त असेल तेवढे लावायचे. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती पुडी किती बांधांवर पेरली गेली? २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या पहिल्या बीटीला दाद देईना, हे बीटीचे तंत्र देणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीने स्वतः जाहीर केले. तेव्हा त्यांनी सांगितलेली कारणेही हीच होती: आश्रयाचे पीक, म्हणजे ही साधी कपाशी, कमी लावले गेले, आणि त्याआधी विनापरवाना बीटी शेतांत शिरले.

"आता मले हिशेब सांग," भाऊ म्हणाला. "माही जमीन दोन एकर. वीस टक्के म्हंजे सोळा गुंठे. सोळा गुंठे म्या अळीले खायाले ठेवाचे, अन् फायदा कोनाचा? साऱ्या गावाचा, कंपनीचा, पुढच्या दहा वर्साचा. नुकसान मात्र माह्या एकट्याचं. त्याचे पैसे कोन देते?"

यावर कोणी लगेच बोलले नाही, कारण त्या अटीची खरी गोम तीच आहे. आश्रयाच्या ओळींत जगलेले, विषाची सवय नसलेले पतंग बीटीतून वाचलेल्या एखाद-दुसऱ्या प्रतिकारक पतंगाशी जुळावेत आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, एवढ्यासाठी तो खटाटोप होता. तत्त्व बरोबर. अमेरिकेत ॲरिझोनाने आश्रयाची शिस्त वर्षानुवर्षे पाळली, २००६ पासून आश्रयाऐवजी मुख्यतः नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तिथे गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. पण तिथली शेते मोठी आणि खर्चात सरकारी यंत्रणाही उतरलेली. आपल्याकडे तेच ओझे दोन एकरवाल्याच्या खांद्यावर दिले आणि वर त्याच्याकडेच बोट दाखवले.

कृषी केंद्र चालवणाऱ्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट पुढे आणली. काही पाकिटांत आश्रय म्हणून तूर यायची. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, गुलाबीला नाही. तिचा संसार जवळपास पूर्ण कपाशीवरच. म्हणजे ज्याने इमानदारीने तूर पेरली, त्याने गुलाबी अळीपुरते काहीच केले नाही. "हे पाकीट भरणाऱ्याला माहीत नव्हतं का?" त्याने दादाला विचारले.

दादा म्हणाला, तेव्हा लक्ष्य हिरवी बोंडअळीच होती. आणि हिरवीवर बीटी आजही टिकून आहे, तिच्यासाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, हेही बोला. ते सगळ्यांनी मान्य केले. ते नाकारणारा माणूस १९९० च्या दशकातली कपाशी विसरला असे मी म्हणेन.

मग डॉक्टरसाहेब बोलले. कीटकशास्त्रात हयात गेलेला माणूस, बोलतो कमी. त्यांचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटला, म्हणून तो नीट मांडतो.

अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे बीटी मुख्यतः सरळ वाणांत आले. आपल्याकडे संकरित बियाण्यात. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढच्या वर्षी ठेवू शकतो. संकरिताची ठेवली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट घेणे आले. कंपनीला पेटंटपेक्षा हे कुलूप जास्त भक्कम. पण या निवडीचा परिणाम थेट बोंडाच्या आत होतो. संकरित झाडाला बीटीची जनुके एकाच पालकाकडून मिळालेली असतात. त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. बोलगार्ड-२ या दोन जनुकांच्या नंतरच्या बीटीमध्ये सरासरी १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही विषे, ६ मध्ये एकच, आणि १ मध्ये एकही नाही. गुलाबी अळी बोंडाच्या आतच असते आणि एका सरकीतून दुसरीत जाते. तिला अर्धवट मात्रा चाखत चाखत तगायला याहून सोयीची शाळा कुठली?

"पण चीनमध्ये उलटं झालं ना?" दादाने अडवले. यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरिताची दुसरी पिढी पेरली आणि तिथे अळीची प्रतिकारशक्ती उतरली.

"बरोबर. पण तिथे चौथाई झाडंच्या झाडं बिनबीटीची निघाली," डॉक्टरसाहेब म्हणाले. "अख्खं झाड बिनविषाचं म्हणजे आपोआप आश्रय. आपल्याकडे झाड विषाचं आणि बोंडात खिचडी. दोन्ही एक नव्हे."

दुसरा परिणाम अंतराचा. संकरित बी महाग, म्हणून ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावायचे, म्हणजे हेक्टरी साधारण १८,५०० झाडे. झाड पसरते, १८० दिवसांच्या पुढे उभे राहते, आणि गुलाबी अळीचा जोर असतोच मुळी हंगामाच्या शेवटाला. सरळ, आटोपशीर वाण ९० बाय १५ वर लावले तर हेक्टरी ७४,००० झाडे बसतात आणि अळी वाढायच्या आत पीक घरात येते. ७४,००० झाडांना सहा किलोच्या आसपास बी लागते. तेवढे ४७५ ग्रॅमच्या पाकिटांतून घ्यायचे तर १३ पाकिटे, २०२५ च्या ९०१ रुपयांच्या भावाने पावणेबारा हजार रुपये. घरचे बी असते तर हा खर्चच नव्हता.

"म्हणजे अळीले रस्ता कोनी देला?" भाऊने विचारले.

"ज्याने बियाण्याचा साचा ठरवला त्याने," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि लगेच पुढे, "आणि आम्हीही." वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बिकानेरी नरमा हे सरळ वाण बीटी करून २००९ मध्ये बाजारात आणले होते. बी घरी ठेवता आले असते. त्यात मोन्सॅन्टोचाच जनुकीय घटक निघाला आणि त्याच वर्षी विक्री थांबली. सरकारी प्रयोगशाळेने तपासणीत केलेली ती कसूर शेतकऱ्याला पुढची अनेक वर्षे महागात पडली. तिचा हिशेब कोणी नीट मागितलाही नाही.

वकीलसाहेबांनी पैशाचा धागा पकडला. सुरुवातीला पाकीट १६०० रुपयांच्या पुढे होते, त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाचे शुल्क. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले तेव्हा २००६ मध्ये भाव ७५० वर आले. २०१६ पासून केंद्राने किंमत बांधली: शुल्क ४९ रुपये, मग ३९, २० आणि २०२० मध्ये शून्य. त्यांचे म्हणणे सरळ होते. मंजुरीच्या अटीत अळीची संवेदनशीलता दरवर्षी तपासून कळवण्याचे काम कंपनीचे होते. जो पाकिटामागे शुल्क घेतो, त्याच्या शुल्कात आश्रयाच्या ओळींची भरपाई धरायला हवी होती. दादाला हे पटले नाही. शुल्क शून्यावर आणले म्हणूनच नवे तंत्र इकडे यायचे थांबले, असे तो म्हणाला. हा मुद्दाही पोकळ नाही. पण २०१४-१५ पर्यंत गुजरातेत बोलगार्ड-२ सुद्धा अळीने पचवले होते, आणि तेव्हा शुल्क चालू होते.

आता भाऊची पाळी. फरदड. डिसेंबरनंतर ओलीत देऊन पऱ्हाटी उभी ठेवणे हे कंपनीने सांगितलेले नाही, आणि एकाच्या फरदडीतून साऱ्या शिवारात पुढच्या जूनपर्यंत अळी टिकते. भाऊ म्हणाला, "दोन क्विंटल जरी निंगाला तरी हमीभावानं पंधरा हजाराच्या वर हायेत." ते खरेच आहे. तरीही इथे मी त्याच्या बाजूने नाही. सोळा गुंठ्यांचे नुकसान त्याच्यावर लादलेले होते, फरदड तो स्वतः निवडतो आणि शेजाऱ्याला विचारत नाही. हेच तणनाशक सहन करणाऱ्या चोरट्या बियाण्याचे. निंदणाची मजुरी परवडत नाही हे मान्य, पण बिल नाही, लॉट नंबर नाही, बी फसले तर तक्रार कोणाकडे? वकीलसाहेबांचा सल्ला: पावती, टॅग आणि पाकिटात मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपा. त्याशिवाय ग्राहक आयोगात बाजू मांडणे अवघड जाते.

दुकानदारानेही आपला वाटा कबूल केला. दोन-तीन औषधे एकत्र करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक असते आणि देणारा दुकानदारही. अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजते. मग वरून कितीही ओता, तिला लागत नाही, फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र येते. यवतमाळने २०१७ मध्ये ते भोगले आहे.

शेवटी भाऊने वहीत लिहून घेतले. पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की सावध. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुले, वेचून नष्ट करायच्या, बांधावर टाकायच्या नाहीत. एकरी २० हिरवी बोंडे फोडायची, दोनांत जिवंत अळी निघाली तरच फवारणी. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची.

"अन् जिनिंगवाला?" त्याने पेन थांबवून विचारले. "माही पऱ्हाटी म्या उपटली, पन त्याच्या आवारात सरकीचा ढीग मार्चपर्यंत पडून राह्यते. त्यातून पतंग उडते, त्याले सापळा लावाले कोन सांगते?"

दादाने वही मागून घेतली आणि त्या ओळीखाली जिनिंगच्या संघटनेच्या नावाने पत्राचा मसुदा लिहायला घेतला.