डोमेन एक्स्पर्ट

"मावशी, तू आमची डोमेन एक्स्पर्ट, म्हणजे विषयातली जाणकार," भाचा म्हणाला. मला वाटलं, काहीतरी मानाचं असणार. मग विषय कळला: पुण्यातली बायकांसाठीची सार्वजनिक स्वच्छतागृहं. तीस वर्षं या शहरात पायी आणि बसने हिंडलेय. माझ्याइतका व्यासंग दुसऱ्या कुणाचा असणार म्हणा!

हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या वेळात सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा, चोवीस तासांची; पोरांना जवळचं स्वच्छतागृह दाखवणारा नकाशा बनवायचा होता. कॉलेजच्या हॉलमध्ये पोरंपोरी, वायरींचं जाळं आणि वडापावचे कागद. भाच्याने आधी माझं बौद्धिक घेतलं. २००७च्या अखेरीस केनियात निवडणुकीवरून हिंसाचार उसळला, तेव्हा लोकांनी मोबाइलवरून खबरा पाठवल्या आणि त्यांचा नकाशा उभा राहिला. त्या सॉफ्टवेअरचं नाव उशाहिदी, स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. "तू फक्त साक्ष द्यायची."

पण साक्षीआधी कागदपत्रं आली. स्वच्छतागृहांची कुठूनशी मिळवलेली यादी पीडीएफमध्ये होती, तीही युनिकोडपूर्व काळातल्या फाँटात. पडद्यावर 'शनिवार पेठ' दिसायची. कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की दोन कंस, एक डॉलर आणि टोपी घातलेला ए. शेवटी मी मोठ्याने वाचायचं आणि एका मुलीने टाइप करायचं ठरलं. शाळेत शुद्धलेखन घालायचे, तस्सं. अनेकांच्या हातून माहिती गोळा करायच्या या प्रकाराला क्राउडसोर्सिंग म्हणतात.

मग शीटमध्ये 'स्थिती' हा रकाना आला. पर्याय दोनच: चालू, बंद.

"चालू आहे, पण किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे असते. आणि तो रविवारी दुकान उघडत नाही," मी सांगितलं.

"ड्रॉपडाउनमध्ये एवढं मावत नाही गं."

"मग?"

"'चालू' टाक."

टाकलं. रात्रभर पोरांनी ओपनस्ट्रीटमॅपवर ठिपके चढवले. जगभरातले लोक २००४ पासून हौसेने, फुकट भरत आलेला नकाशा हा; आपल्याकडे तर कुणी शेजाऱ्याला पत्ताही धड सांगत नाही.

सकाळी परीक्षक आले. तोवर माझे चार चहा झाले होते, आणि कॉलेजच्या लेडीज टॉयलेटला सुट्टीचं कुलूप. 'जवळचं स्वच्छतागृह शोधा' हे बटण पहिल्यांदा दाबायचा मान मला मिळाला. मीही ते औपचारिकपणे दाबलं नाही, गरजेने दाबलं. उत्तर आलं: सर्वांत जवळचं स्वच्छतागृह, सुमारे सात हजार किलोमीटर.

नकाशा लहान करत करत गेलो. पुण्यातली सगळी स्वच्छतागृहं नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात ओळीने उभी! आपलं पुणे अक्षांश साडेअठरा, रेखांश त्र्याहत्तर पूर्णांक पंच्याऐंशी. पण जिओजेसन नावाच्या फायलीत रेखांश आधी लिहायचा असतो, आणि पोरांनी शाळेतल्यासारखा अक्षांश आधी लिहिलेला. "इथल्याप्रमाणे तिथेही वेळेत पोचता येत नाहीच," मी म्हणाले. परीक्षक हसले. मला हसणं परवडत नव्हतं.

आकड्यांची अदलाबदल झाली, ठिपके घरी परतले. पुन्हा बटण. चारशे मीटर, स्थिती: चालू.

ठिपका नीट पाहिला. पानवाला तोच. वार रविवार.

मी रिक्षा केली.