‘लक्ष देत नाही’ हा शेरा कसा मारावा

गेल्या गुरुवारी माझ्या मुलीच्या श्रुतलेखनाच्या वहीत लाल शाईने शेरा आला. ‘१० पैकी २. लक्ष देत नाही. पालकांची सही.’ मुलगी तिसरीत आहे, दोन्ही कानांना मशीन आहे, शाळेवर पत्रे आहेत आणि महिना जुलैचा आहे. आमच्या देवगडकडे पत्र्याखाली ज्याने एक जुलै काढलाय, त्याला पुढचं सांगायला नको.

पण असा शेरा काही आपोआप पडत नाही, त्याला शाळेची तयारी लागते. ज्या शाळांची ती अजून झाली नसेल, त्यांच्यासाठी हे दोन शब्द.

आधी रॅम्प बांधा. नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तुमचं जोतं दोन फुटांचं, म्हणजे चोवीस फूट. एवढी जागा त्यातच घातलीत तर हेडमास्तरांची मोटारसायकल कुठे लावायची? तेव्हा सहा फुटांत उरका. जांभ्याचाच करा, पहिल्या पावसात शेवाळ धरतो. शेवटी एक पायरी ठेवा, शोभा येते. मे महिन्यात त्यावर आमसुलं वाळत घालता येतात.

फलकावर ‘दिव्यांग’ लिहा, वर्गात ‘ती बहिरी’ म्हणा.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, गुलाबाचं फूल द्या. फोटो काढा.

विशेष शिक्षकांवर सगळं सोपवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्राथमिकसाठी सांगितलं. आमच्याकडचे सर महिन्यातून एकदा येतात, वही बघतात, सही घेतात आणि पुढच्या शाळेची रिक्षा पकडतात. त्यांना तरी काय बोलणार, अख्ख्या केंद्रातल्या शाळा त्यांच्या गळ्यात. ते येईपर्यंत मूल तुमचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता श्रुतलेखन. यात खरी कला आहे. पाऊस उघडलेला असताना चुकूनही घेऊ नका. सरीचा आवाज पत्र्यावर चांगला चढला की उठा. मुलीला पहिल्या बाकावर बसवलेलंच असेल, त्याचं श्रेय आधीच घ्या. मग खिडकीला पाठ लावून उभे राहा, म्हणजे उजेड तुमच्या मागे आणि चेहरा काळोखात. दोन शब्द तिथून, दोन फळ्याकडे तोंड करून, उरलेले शेवटच्या बाकाकडे चालत चालत सांगा. शब्दही निवडून घ्या. ‘पाट, भात, माठ.’ आरशासमोर उभे राहून आवाज न काढता हे तीन शब्द म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा एकसारखेच हलतात. माझ्या मुलीने तीनदा ‘माठ’ लिहिलंय. मला वाटतं, तिने सगळ्या वर्गापेक्षा जास्त लक्ष दिलंय.

‘मशीन आहे ना, मग ऐकू यायला हवं’ हे वाक्य पाठच करा. मशीन म्हणजे चष्मा नव्हे. ते तुमचा आवाज मोठा करतं, तसा पावसाचाही करतं, बाक सरकवल्याचाही आणि बाहेरून हॉर्न वाजवत जाणाऱ्या मासळीवाल्याचाही. या हवेत डब्यातलं मीठ पाणी होतं, मशीन कसं टिकणार? रोज रात्री पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. सेल संपले तर तालुक्याला जाणारी एसटी पकडायची. हे सगळं करून मूल सकाळी तुमच्या दारात येतं आणि तुम्ही त्याला पाठ दाखवता.

मी भेटायला गेले तेव्हा वर्गाचे सर म्हणाले, “वर्गात तीस मुलं आहेत, एकीसाठी किती थांबू?” घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “चेडवाक आयकाक येना नाय, ता खरा. पन मास्तरांका तोंड वळवूक येना नाय काय?”

झाली थट्टा. सर, तोंड वळवा. याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, वरून पत्र यावं लागत नाही. उजेड तोंडावर घेऊन उभे राहा. पावसाची सर ओसरेपर्यंत दहा मिनिटं चित्रं काढू द्या, मग श्रुतलेखन घ्या. नाहीच थांबता आलं तर तिच्यासमोर उभं राहून एकेक शब्द वाक्यात घालून सांगा. ‘माठातलं पाणी’ म्हटलं की ती पाट लिहिणार नाही, एवढी हुशार आहे ती. हे तुमच्या मागच्या बाकावरच्या, मशीन नसलेल्या पोरांनाही हवंय, त्यांनाही त्या पावसात काही ऐकू येत नाही. त्यांच्याही वह्या बघितल्यात मी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा सोयी देणं शाळेचं काम ठरवलंय. आम्ही उपकार मागायला आलो नव्हतो. तिला ऐकू येत नाही हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी तुम्ही आठ वर्षांच्या पोरीच्या वहीत ‘लक्ष देत नाही’ लिहिलंत. ती वाचते, सर. वाचता तिला उत्तम येतं. घरी येऊन तिने मला विचारलं, “लक्ष कसं देतात?”

येत्या गुरुवारी पुन्हा श्रुतलेखन आहे. वही मी सही न करता परत पाठवली आहे.