तोच धक्का, पण कोणाच्या पोराने मारला?

एका पोराने दुसऱ्याला ढकललं. एवढंच घडलं, आता बघा मोठी माणसं त्याचं काय काय करतात. ढकलणारा अभ्यासात हुशार आणि ओळखीतला असेल तर "जरा मस्तीखोर आहे हो", त्याचे आईवडील वेगळे राहतात हे आधीच कानावर आलं असेल तर "घरी बघतो तेच करणार ना", आणि मुलगी असेल तर "मुलीच्या जातीला शोभतं का हे". डोळ्यांनी बघितलं म्हणतात सगळे, पण बघायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. १९७६ मध्ये अमेरिकेत जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी लोकांना ९ महिन्यांच्या एका बाळाचा व्हिडिओ दाखवला, त्यात डबीतून टुणकन उडी मारणारं बाहुलं बघून बाळ दचकतं आणि रडायला लागतं. हा मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं त्यांना तो चिडलेला वाटला, मुलगी आहे असं ज्यांना सांगितलं त्यांना ती घाबरलेली वाटली. बाळ एकच, रडणंही एकच!

म्हणजे मुलग्यांनाच भांडखोर ठरवतात का? तर तसंही नाही, खरी गंमत पुढे आहे. १९८५ मध्ये याच जॉन काँड्रींनी डेव्हिड रॉस यांच्यासोबत दुसरा प्रयोग केला. बर्फात दोन पोरं दांडगाई करतायत, अंगावर जाड कपडे, त्यामुळे मुलगा की मुलगी काहीच कळत नाही. दोघंही मुलगे आहेत असं ज्यांना सांगितलं होतं त्यांना ती दांडगाई बाकीच्या सगळ्यांपेक्षा कमी आक्रमक वाटली. का, तर मुलगे असेच खेळतात हे डोक्यात फिट्ट बसलंय. आता यात मार खाणाऱ्या मुलग्याचं काय होत असेल विचार करा, त्याला खरंच लागलं तरी "अरे चालायचंच" म्हणून त्यालाच गप्प बसवणार. मला तर हे उगाच शिक्का मारण्याइतकंच वाईट वाटतं आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

शिक्षक तरी यातून सुटतात का? २०१६ मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांच्या टीमने बालवाडीच्या शिक्षकांना व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं की कोण त्रास देतंय त्यावर लक्ष ठेवा. व्हिडिओत त्रास कुणीच देत नव्हतं! तरी शिक्षकांची नजर कुठे जाते ते मशीनने मोजलं तर ती कृष्णवर्णीय मुलग्यावर जास्त वेळ होती. याच अभ्यासात अजून एक गोष्ट होती जी मला जास्त खटकली. आपल्याला वाटतं पोराच्या घरची परिस्थिती कळली की शिक्षक समजून घेतील. पण शिक्षक आणि मूल एकाच वंशाचे असले तरच ती माहिती कळल्यावर वागणं कमी गंभीर वाटलं, वेगळ्या वंशाचे असले तर उलट जास्तच गंभीर वाटलं. थोडक्यात, आपल्यातल्याची अडचण आणि परक्याचा पुरावा.

मग मारामारीकडे दुर्लक्ष करायचं का, असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, अजिबात नाही. ज्याला लागलंय त्याला लागलंय. पण नुसतं "आक्रमक आहे" म्हणून मोकळं होऊ नका, काय झालं ते सांगा. आधी कोण काय बोललं, हात कुणी उचलला, मग काय झालं. आणि खेळातली झटापट ओळखता येते हो, त्यात पोरं हसत असतात, आळीपाळीने खाली पडतात, तगडा असतो तो कधीकधी मुद्दाम हरतो आणि संपल्यावर दोघं परत एकत्रच दिसतात. खऱ्या भांडणात चेहरे रागाने ताणलेले असतात आणि नंतर बहुतेक वेळा दोन दिशांना दोघं. तक्रार करायच्या आधी एवढं तरी बघा की राव, पोरगं कुणाचं ते नंतर विचारा.