रेडिओचा मालक बदलला म्हणून मराठी बंद पडत नाही : तीनदा आलेल्या एका मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग खानापूरच्या पाहुण्यांकडून, शेवटी निपाणीच्या आतेभावाकडून. मेसेज थोडक्यात असा : "कोल्हापूर-सांगलीची सगळी एफएम स्टेशनं एका परप्रांतीय उद्योगपतीने विकत घेतली. आता मराठी बंद होणार. बेळगावला मराठी एफएम मिळू नये म्हणून कर्नाटक सरकारने परवाना अडवून ठेवलाय. सीमाप्रश्नाची बातमी ही स्टेशनं देत नाहीत, कारण मालकांना पैसे पोचलेत. मराठी माणसाने खासगी रेडिओ ऐकू नये, दुकानदारांनी जाहिरात देऊ नये."

आतेभावाने खाली लिहिलं होतं, "तू जाहिरातीच्या धंद्यातला, खरं काय ते सांग." म्हणून हे लिहितोय. बेळगावातल्या छोट्या दुकानांच्या जाहिराती करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रिक्षावरचा भोंगा, केबलवरची पट्टी, यात्रेतली कमान, हे माझं रोजचं काम. रेडिओवर माझा जीव आहे. आमच्या घरात सकाळ व्हायची ती सांगली आकाशवाणीने. 1963 साली सुरू झालेलं ते केंद्र मध्यमलहरींवरून आमच्या शहापूरच्या माडीपर्यंत यायचं, आणि शुद्ध मराठी कशी बोलतात ते मी शाळेइतकंच तिथून शिकलो. मेसेजमागची कळकळ मला समजते. पण त्यातली विधानं चुकीची आहेत, आणि चुकीच्या विधानांवर आपण बहिष्काराला निघालोय.

"सगळी स्टेशनं एकाने विकत घेतली."

हे होऊच शकत नाही. कोल्हापुरातलं टोमॅटो एफएम 'पुढारी'चं, म्हणजे कोल्हापूरच्याच मराठी दैनिकाचं. मिर्ची टाइम्स समूहाच्या कंपनीची. रेडिओ सिटी जागरण प्रकाशनाकडे. एकाच शहरात तीन वेगळे मालक आहेत. देशातल्या एकूण खासगी चॅनेलपैकी 15 टक्क्यांहून जास्त एका कंपनीला ठेवता येत नसत, ती मर्यादा 2022 मध्ये उठली; पण एका शहरात 40 टक्क्यांची मर्यादा आहे. राजकीय पक्षाच्या किंवा धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या कंपनीला तर परवानाच मिळत नाही.

'विकत घेतलं' या शब्दातही गफलत आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कंपनीला मिळते ती 15 वर्षांची परवानगी. दुकान भाड्याने घेतलेल्याने पाटी बदलावी, तसं हे. परवानगी घेतलेल्या कंपनीतल्या सर्वांत मोठ्या भारतीय भागधारकाला स्टेशन सुरू झाल्यापासून तीन वर्षं आपला बहुमताचा वाटा सोडता येत नाही, आणि त्यानंतरही मालकी बदलायची तर केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. रात्रीत कुणी येऊन सगळं घेऊन जाऊ शकत नाही.

"मालक बदलला की मराठी बंद."

इथे जरा थांबतो, कारण मेसेजमधली खरी भीती ही आहे आणि ती धुडकावून लावण्यासारखी नाही.

खासगी रेडिओची मालकी पहिल्यापासून हलती राहिली आहे. पहिल्या लिलावात परवाना शुल्क ठरीव होतं आणि दर वर्षी 15 टक्क्यांनी वाढायचं. विक्रीला काढलेल्या 108 चॅनेलपैकी जेमतेम 21 हवेत गेली. 2005 च्या दुसऱ्या टप्प्यात शुल्क उत्पन्नाशी जोडलं, म्हणजे मुख्यतः एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के, तेव्हा कुठे सांगली-कोल्हापूरसारख्या शहरांना स्टेशनं मिळाली. रेडिओ सिटीचीच गोष्ट घ्या. 3 जुलै 2001 ला बेंगळुरात देशातलं पहिलं खासगी एफएम म्हणून ती सुरू झाली. पुढे एका गुंतवणूक निधीकडे गेली आणि 2015 साली कानपूरच्या जागरण प्रकाशनाने ती घेतली. हे हिंदी वृत्तपत्र काढणारे लोक. मेसेजच्या हिशेबाने त्यांच्या सांगलीच्या स्टेशनवरून मराठी तेव्हाच जायला हवी होती. मी सांगलीला कामासाठी जातो तेव्हा ऐकतो, निवेदक मराठीतच बोलतो. सांगलीच्या सराफाला आणि साडीवाल्याला जे गिऱ्हाईक हवंय ते मराठी बोलतं, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

बिग एफएमचं तर याहून बोलकं आहे. 2006 साली अनिल अंबानींच्या रिलायन्सने ते सुरू केलं, पुढे देशभर 58 स्टेशनं झाली, शेजारच्या गोव्यात आणि सोलापुरातही. 2019 मध्ये जागरणने ते घ्यायचं ठरवलं तेव्हा कंपनीचं मूल्य सुमारे 1,050 कोटी रुपये धरलं होतं. तो व्यवहार फिसकटला, कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि 2024 मध्ये न्यायाधिकरणाने सफायर मीडियाची 261 कोटींची योजना मंजूर केली. ज्या धंद्याचा भाव पाच वर्षांत असा उतरतो, तिथे नवा मालक भाषा मारायला येत नाही. तो खर्च कापायला येतो.

आणि खर्च कापला की भाषेला धक्का लागतो, हे मात्र खरं. दुसऱ्या टप्प्यात एकाच कंपनीने अनेक स्टेशनांवर एकच कार्यक्रम वाजवायला लहान शहरांपुरती आणि विभागापुरती सवलत होती. 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने ती देशभर मोकळी केली. त्यामुळे मुंबईत एक निवेदक बसवून त्याचा आवाज दहा गावांत सोडता येतो. गावचा निवेदक घरी जातो, आणि त्याच्याबरोबर "आज कागलाच्या नाक्यावर गर्दी आहे" हे वाक्यही जातं. त्यासाठी मालक बदलावा लागत नाही, तोच मालक हे करू शकतो. बोलायचं असेल तर आपण यावर बोलायला हवं. स्थानिक निवेदक किती तास आहे, हा प्रश्न स्टेशनला विचारण्यासारखा आहे. मालकाचं आडनाव शोधून काही हाती लागत नाही.

"कर्नाटक सरकारने परवाना अडवलाय."

राज्य सरकारकडे हा विषय नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत प्रसारण केंद्राच्या यादीत आहे, 31 व्या क्रमांकाच्या नोंदीत. एफएमचा लिलाव दिल्ली करते. कर्नाटक सरकारशी आपली भांडणं आहेत, पाट्यांची आहेत, कागदपत्रांच्या भाषेची आहेत, ती मी कमी लेखत नाही. पण हे त्यातलं नाही, आणि खोटा मुद्दा घातला की खरे मुद्देही हलके होतात.

बेळगावात खासगी एफएम नाही याचं कारण रूक्ष आहे. आधी मोठी शहरं घेतली गेली. जिथे बोली लागली नाही ती चॅनेल पडून राहिली : 2016 च्या फेरीत 266 विक्रीला काढली, त्यातली 66 गेली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी एफएम नसलेल्या 234 शहरांत 730 चॅनेलच्या ई-लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत बेळगाव आहे, चार चॅनेलसह. विजापूर, बिदर, बागलकोटही आहेत. मातृभाषेतला स्थानिक आशय वाढावा हा हेतू सरकारने त्या निर्णयातच सांगितला आहे.

कर्नाटकातलं स्टेशन कन्नडच असावं लागतं, असंही या मेसेजच्या तळाशी गृहीत आहे. बेंगळुरात रेडिओ इंडिगो वर्षानुवर्षं इंग्रजी गाणी वाजवतंय. आणि खासगी नसलं तरी बेळगावात एफएम आहेच, केएलई संस्थेचं वेणुध्वनी हे सामुदायिक केंद्र, 90.4 वर.

मग कोल्हापूरची स्टेशनं इथे का येत नाहीत? एफएमची लहर डोळ्याच्या रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपते. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटर, तिथे आवाज मिळतो. गाडी तवंदी घाट चढली की खरखर सुरू होते आणि संकेश्वरच्या पुढे माझ्या गाडीत तरी काही राहत नाही. जुन्या सांगली केंद्राची मध्यमलहर डोंगर ओलांडून यायची, ही तिची पुण्याई.

"बातमी दाबतात, कारण पैसे पोचलेत."

खासगी एफएमला स्वतःची बातमी द्यायला परवानगीच नाही, मग ती सीमाप्रश्नाची असो की दिल्लीच्या निवडणुकीची. तिसऱ्या टप्प्यापासून आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, बस. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. 'कॉमन कॉज' या संस्थेने 2013 साली त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. राग काढायचाच तर या नियमावर काढावा.

पण काय द्यायला परवानगी आहे तेही बघा : रस्त्यावरची वाहतूक, हवामान, पाणी आणि विजेच्या वेळा, परीक्षांचे निकाल, प्रवेश, गावातले कार्यक्रम, आणि प्रशासनाने दिलेले नैसर्गिक आपत्तीचे इशारे. हे बातमीत धरत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, बेळगाव-कोल्हापूर रस्ता बंद झाला. त्या दिवसांत आमचा एक ट्रक फ्लेक्स घेऊन संकेश्वरला अडकला होता. ड्रायव्हर चंदगडचा, कन्नड येत नाही. रस्ता कधी सुटणार हे तो ढाब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसला, आणि दर तासाला वेगळं उत्तर ऐकत होता. बेळगावातून मराठीत दर अर्ध्या तासाला कुणी दोन ओळी बोललं असतं, तर त्याचे दोन दिवस तरी वाचले असते. मला स्टेशन हवंय ते यासाठी.

"जाहिरात देऊ नका."

याने सर्वांत जास्त नुकसान होईल. खासगी स्टेशनला लायसन्स फी, मनोरा, पगार, सगळं जाहिरातीतून काढावं लागतं. बेळगावच्या चारपैकी एखादं चॅनेल घेऊ पाहणारी कंपनी आधी एवढंच बघेल की इथला दुकानदार कुठल्या भाषेत पैसे खर्च करतो. खडे बाजारात चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडीचं गिऱ्हाईक लग्नाच्या खरेदीला येतं. त्या दुकानांच्या भोंग्यावर आजही मराठी वाजतं, कारण मी स्वतः ते रेकॉर्ड करतो. हे कंपनीला दिसलं तर ती मराठी निवेदक ठेवेल. आपण बहिष्काराच्या पोस्टी टाकत बसलो तर ती कन्नड-हिंदीवर हिशेब बसवेल आणि आपल्याला विचारणारही नाही.

म्हणून गेल्या सोमवारपासून मी आणि दोन व्यापारी मित्र एक यादी करतोय : मराठीत जाहिरात करणारी दुकानं, क्लासेस, दवाखाने, मंगल कार्यालयं, आणि त्यांचा महिन्याचा अंदाजे खर्च. बोली लावणारी जी कुठली कंपनी येईल, तिच्या हातात ती द्यायची आहे. शहापूर आणि खडे बाजार झाला. अनगोळ, वडगाव बाकी आहे. खानापुरात कुणाची ओळख असेल तर मला कळवा.