चांगल्या घरच्या मुलीने लेखिका कसं व्हावं (कुणाला पत्ता लागू न देता)

लिहायची हौस आहे म्हणताय? छान. मग आधी जन्म नीट घ्या, कवयित्री आनेट फॉन ड्रोस्ट-ह्युल्सहोफ बाईंनी घेतला तसा. १७९७ साल, जर्मनीत म्युन्स्टरजवळ पाण्याने वेढलेली गढी, कट्टर कॅथलिक सरदार घराणं. खाण्यापिण्याची ददात नाही आणि मनासारखं कुठं जायची सोय नाही, मग बाई कविता नाही करणार तर काय करणार.

सुरुवात देवाधर्मापासून करा, घरचे खूश होतात. बाईंनी वर्षभराच्या सणावारांवर कविता लिहायला घेतल्या, पण त्यात भक्तीपेक्षा शंकाच जास्त निघाल्या, आणि १८२० मध्ये ती वही त्यांनी आईच्या हातात दिली. आईने वाचली आणि एक शब्द न बोलता कपाटात ठेवून दिली. यापेक्षा नेमकं परीक्षण मी तरी कुठं वाचलं नाही. पुस्तक म्हणून त्या कविता आल्या १८५१ मध्ये, बाई जाऊन तीन वर्षं झाल्यावर. घाई कसली?

प्रेमात पडायचं असेल तर जात-पात, पैसाअडका बघून पडा बरं का. १८२० च्याच सुमारास बाईंना श्ट्राउबं नावाचा लॉचा विद्यार्थी आवडला, गरीब, वर प्रोटेस्टंट, वर सरदार पण नाही. मग त्याचा एक खानदानी मित्र हिची परीक्षा बघायला म्हणून गळ टाकून बसला, ही थोडी गडबडली, आणि दोघा मित्रांनी मिळून एकच पत्र लिहून हिला मोडीत काढलं. दोघांच्या सह्यांचं एक पत्र! पोस्टाचा खर्च वाचला. नातेवाइकांनी नावं कुणाला ठेवली ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यानंतर काय, लग्न नाही. वडील गेल्यावर आई-बहिणीबरोबर र्युशहाउसला राहायचं, आपल्या बुटक्या खोल्यांना गोगलगायीचं घर म्हणायचं आणि हातोडी घेऊन दगड फोडत हिंडायचं. छंद म्हणून दगड चालतात, अब्रूला धक्का नाही. धोका फक्त पुस्तकाला.

तेवढं काढायचंच असेल तर नाव अर्धं छापा. १८३८ च्या पहिल्या पुस्तकावर आडनावाच्या जागी आद्याक्षरं आणि टिंबं होती, म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्या नातेवाइकांनाच फक्त ओळखू येईल अशी सोय. ५०० प्रती काढल्या, ७४ खपल्या. सोयऱ्यांतल्या एका सरदारसाहेबांनी वाचून सांगितलं की सगळा कचरा आहे, डोकं ठिकाणावर असलेली बाई असलं काही कसं छापते कळत नाही. लगेच बाकीच्यांनाही कळेनासं झालं.

आता एक तरुण मित्र लागेल. लेविन श्यूकिंग १७ वर्षांनी लहान, मैत्रिणीचाच मुलगा, त्यामुळे लोकांना 'अहो मुलासारखा आहे' असं सांगता येतं. बोडनझे तलावाकाठी मेर्सबुर्गला बाईंच्या मेव्हण्याच्या किल्ल्यात त्याला ग्रंथपालाची नोकरी लागली आणि १८४१ च्या हिवाळ्यात बाईंनी पैज लावली की एका मोसमात आख्खं पुस्तक लिहून दाखवते. जवळजवळ रोज एक कविता! त्यातलीच ती बुरुजावरची, वादळात केस मोकळे सोडून उभी असलेली बाई म्हणते शिकारी असते, शिपाई असते, निदान पुरुष तरी असते, पण मला शहाण्या पोरीसारखं नीट बसावं लागतं, केस सोडायचे तर चोरून. पैज जिंकली म्हणे. मित्राने पुढं दुसरीशी लग्न केलं आणि १८४६ मध्ये वेस्टफालियाच्या, म्हणजे बाईंच्याच भागातल्या सरदारांवर अशी कादंबरी लिहिली की घरच्यांना वाटलं आतल्या गोष्टी हिनेच पुरवल्या. मैत्री संपली. पुरुषाने लिहिलं तरी बोलणी बाईलाच, हा नियम लिहून ठेवा.

कथेला नाव देण्याचीही तसदी घेऊ नका. १८४२ मध्ये गावातल्या एका ज्यू माणसाच्या खुनावरची, खऱ्या घटनेवर बेतलेली तिची दीर्घकथा दैनिकात आली, आज जर्मन पोरं शाळेत शिकतात ती, तिला 'यूडनबूखं' (ज्यूंचं बीचचं झाड) हे नाव संपादकानेच दिलं. पैसे मात्र स्वतः घ्या! पुढच्या कवितासंग्रहाच्या मानधनाच्या जोरावर बाईंनी मेर्सबुर्गला लिलावात ४०० टालरला द्राक्षमळ्यातलं छोटं घर घेतलं. ४६ वर्षांच्या झाल्यावर स्वतःचं दार. राहायला फार मिळालं नाही, १८४८ मध्ये त्या किल्ल्यातच गेल्या.

पुढं जर्मनीने त्यांना २० मार्कांच्या नोटेवर छापलं, मागं लेखणी आणि कथेतलं ते बीचचं झाड. पुढच्या बाजूला बाईंचं चित्र, एकदम सभ्य. केस नीट विंचरून बांधलेले.